वजा केलेला वास

मुलगी घरी आली त्या दिवशी पद्मजा चौगुलेनं आधी तिचं वजन पाहिलं, मग तापमान, मग पाठीला चिकटवलेल्या पारदर्शक पट्टीवर कातडीतला ओलावा पाहिला. सगळे आकडे जागच्या जागी आहेत म्हटल्यावर तिनं मुलीला सासूबाईंच्या हातात दिलं आणि ती हात धुवायला गेली. दोन महिने इस्पितळाच्या काचेत काढलेलं मूल घरी आलं की आया काय काय करतात, हे तिनं ऐकलं होतं. तिच्या आत काही हललं नाही. प्रवासाचा शीण असेल, असं तिनं ठरवून टाकलं. वास्तविक मिरज ते सांगलीचं विश्रामबाग हा काही शीण यावा असा प्रवास नव्हे.

सासूबाईंना सगळं घर आक्का म्हणे. चौगुल्यांच्या घरात तान्हं मूल मांडीवर घ्यायचं तर आधी त्याच्या टाळूला नाक लावून खोल वास घ्यायचा, मग मांडी. पाहुणा असो की घरचा, वकील असो की दूधवाला, सूट कुणालाच नव्हती. आक्कांनी नातीच्या टाळूला नाक लावलं. क्षणभर थांबून पुन्हा लावलं.

"सर्दी झालीया वाटतं मला," त्या म्हणाल्या, आणि घरात आल्याचा काढा उकळायला लागला.

नातीला अजून नाव नव्हतं. ती जुळ्यातली दुसरी. फाल्गुनात, सातव्या महिन्यातच दोघं बाहेर आली, तेव्हा इस्पितळानं त्यांच्या पायात पट्टे अडकवले. मुलाच्या पट्ट्यावर 'चौगुले एक', मुलीच्या पट्ट्यावर 'चौगुले दोन'. एकची फुप्फुसं उघडलीच नाहीत. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं आणि शेवटी नळ्या काढून त्याला तसाच, पुसलेलासुद्धा नाही असा, पद्मजाच्या छातीवर ठेवला. तो तिथं तासभर होता. तिनं त्याच्या डोक्यावर तोंड टेकवलं होतं. मग त्याला नेलं.

ती रडली नाही. पलीकडच्या खोलीत दोनची लढाई चालू होती, आणि त्या लढाईतलं हत्यार पद्मजानंच घडवलेलं होतं. नर्स दर तासाला येऊन आकडे सांगायची आणि पद्मजा मान हलवायची. चांगले आकडे होते. ती अजूनही मुलीला मनातल्या मनात दोनच म्हणत होती. बारशाचा विषय निघाला की "जरा वजन वाढू दे," असं म्हणून तो पुढं ढकलत होती.

आता ते हत्यार म्हणजे काय ते सांगायला हवं.

पोटात असताना शेवटच्या महिन्यांत बाळाच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर चढतो. त्यात पाणी असतं, पण ते स्निग्ध पदार्थात असं गुरफटलेलं असतं की उडून जात नाही. जन्मल्यावर काही दिवस हाच थर बाळाला सांभाळतो. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाला तो पुरता मिळालेला नसतो आणि त्याची कातडी असते कांद्याच्या पापुद्र्याएवढी. आतलं पाणी भराभर उडतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत पद्मजा संशोधक होती, तिथं हा थर बाटलीत बनवायचं ठरलं.

अडचण जुनीच होती. पाणी आणि तेल एकत्र नांदत नाहीत, हे आमटीवरचा तवंग पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. ढवळलं की मिसळल्यासारखं वाटतं, पळी बाहेर काढली की पुन्हा वेगळं. दोघांना धरून ठेवायला मध्यस्थ लागतो. असा रेणू, ज्याच्या एका टोकाला पाणी आवडतं आणि दुसऱ्याला तेल. पुस्तकात त्याला पायसीकारक म्हणतात, कारखान्यात सगळे इमल्सिफायरच म्हणतात.

इथं एरंडेल कामाला येतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याही तेलातली आम्लं म्हणजे कर्बाच्या लांबलचक गुळगुळीत साखळ्या, धरायला कुठं काही नाही. एरंडेलातल्या आम्लाच्या साखळीला मात्र मध्येच, बाराव्या कर्बापाशी, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते. जणू एक हात बाहेर काढलेला. त्या हातांनी रेणू एकमेकांना धरतात, म्हणून तर एरंडेल इतकं दाट आणि चिकट. रसायनतज्ज्ञ त्याच हाताला दुसरी साखळी बांधतो, तिच्या हाताला तिसरी, आणि एका टोकाला ग्लिसरिनचे मणी ओवतो. ग्लिसरिनला पाणी प्रिय. झाला इमल्सिफायर. ग्लिसरिनचं टोक पाण्याच्या थेंबात रुततं, एरंडेलाच्या शेपट्या बाहेर तेलात पसरतात. प्रत्येक थेंबाभोवती अशा हजारो शेपट्यांचं कुंपण उभं राहिलं की थेंब थेंबाला भेटत नाही आणि मलम फाटत नाही. एवढ्यात नवल काही नव्हतं. असे इमल्सिफायर कितीतरी वर्षं चेहऱ्याच्या क्रीममध्ये आणि चॉकलेटातसुद्धा वापरात होते.

पद्मजानं त्यांच्या शेपट्यांना फांद्या फोडल्या. या फांद्या बाळाच्या कातडीतल्या स्निग्धांशात अडकायच्या आणि धुतल्यानं निघायच्या नाहीत. कातडीचा तो पापुद्रा आपणहून झडेपर्यंत मलम तिथंच. मलमाचं नाव तिनंच सुचवलं होतं, साय.

सायीत एकच खोट निघाली. तिला एरंडेलाचा किंचित खवट वास होता आणि अतिदक्षता विभागातल्या नर्सना तो सोसेना. त्यावरही उपाय एरंडातच सापडला. एरंडेलाच्या आम्लाचं जस्ताबरोबर केलेलं मीठ, म्हणजे क्षार, वासाचे रेणू धरून ठेवतं. घामाचा वास मारायच्या कांड्यांमध्ये ते कधीपासून घालतात. पद्मजानं ते चिमूटभर सायीत घातलं. त्या फांद्यांच्या दाटीत जस्त कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसलं आणि वास गेला. नर्स खूश झाल्या. त्याहून मोठी गोष्ट, चार जिल्ह्यांतल्या इस्पितळांत जी मुलं हाताला लागत नव्हती ती जगायला लागली. दोन त्यांतलीच एक होती.

जगली हे खरंच. आणि पद्मजाला त्याचं काही वाटत नव्हतं हेही खरं.

तिनं काही कमी केलं असं कुणी म्हणालं नसतं. वेळेवर दूध, वेळेवर लंगोट, अंघोळीनंतर डोक्यापासून पायापर्यंत साय. मुलीला छातीशी धरून चोखता येत नव्हतं, म्हणून पद्मजा यंत्र लावून दूध काढायची. यंत्र घरघरायचं, दूध थेंबथेंब यायचं, ती भिंतीकडे पाहायची. शेजारच्या बाया बाळ बघायला येत आणि तिच्याकडे बघून जात. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दल समजावलं आणि गोळ्या दिल्या. पद्मजानं त्या इमानेइतबारे घेतल्या. झोप सुधारली, बाकी फरक पडला नाही. मुलगी रडली की ती उठायची, पण अलार्म वाजला की उठावं तशी.

सम्मेदचं, तिच्या नवऱ्याचं, तसं नव्हतं. तो जत तालुक्यात जनावरांचा डॉक्टर होता. संध्याकाळी घरी आला की कपडे बदलायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा, आणि मुलीला गुडघ्यांवर आडवी घेऊन दिवसभरात कुठली मेंढी अडली, कुठल्या बोकडानं कुणाला पाडलं, ते सगळं तिला तपशीलवार सांगायचा. मुलगी त्याच्या मिशांकडे टक लावून बघायची. पद्मजा दारातून पाहायची आणि तिला वाटायचं, ही दोघं एका घरातली आहेत आणि आपण पाहुणे म्हणून आलो आहोत.

एक दिवस धुरीनं गोष्ट उघडी पाडली.

नातीला न्हाऊ घालण्याचं काम आक्कांनी दुसऱ्या कुणाकडे दिलं नव्हतं. अंघोळ झाली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकायचा आणि त्या धुरावर मुलीला अलगद धरायचं. घर त्या वासानं भरून जायचं. त्या दिवशी आक्कांनी धुरी दिली आणि झबलं घालायच्या आत मुलीला पद्मजाकडे दिलं, कारण दारात कुणीतरी आलं होतं. पद्मजानं तिला खांद्यावर घेतलं. पडद्यांना ऊदाचा वास होता, तिच्या स्वतःच्या केसांना होता, पलंगावरच्या झबल्याला होता. खांद्यावरच्या मुलीला नव्हता.

तिनं मुलीच्या मानेला नाक लावलं, मग पोटाला, मग काखेत, शेवटी टाळूला. कुठंच काही नाही. ना ओवा, ना दूध, ना तेल, ना घाम. कोऱ्या कागदालाही निदान कागदाचा वास असतो.

पद्मजा रसायनतज्ज्ञ होती. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जे जस्त एरंडेलाचा वास धरतं, ते बाळाचा का सोडेल?

आणि मग तिला ती बैठक आठवली. सायीच्या चाचण्या चालू असताना वास मोजायला त्यांनी यांत्रिक नाक आणलं होतं. बाळाच्या डोक्यावरची हवा ते ओढून घ्यायचं आणि कुठला वास किती, ते सांगायचं. पण त्यांना मोजायचा होता मलमाचा वास, आणि बाळाला स्वतःचा वास असतोच. तो मधे मधे येऊ नये म्हणून त्यांनी मलम न लावलेल्या बाळांचा वास एकदा मोजून घेतला, त्याला पार्श्वभूमी म्हटलं, आणि प्रत्येक मोजणीतून तो वजा करायचा असं यंत्राला सांगून ठेवलं. सगळ्याच प्रयोगशाळांत असं करतात. मग आकडे आले ते शून्याच्या खाली. खोलीत हशा पिकला होता. उणे वास कधी कुणी ऐकलाय? यंत्राची खोड आहे, म्हणत पद्मजानंच सगळे उणे आकडे शून्य करायला सांगितले होते. अहवालात तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, वास : शून्य.

आकडे बरोबर होते. मलम बाळांचा वास खात होतं, आणि त्यांनी तो आधीच हिशेबातून काढून टाकला होता.

रजेवर असूनही ती दुसऱ्या दिवशी कुपवाडला गेली. बरोबर मुलीचं टोपडं नेलं, आणि तुलनेला हाताखालच्या एका सहकाऱ्याच्या तान्ह्या मुलाचं. या वेळी तिनं यंत्राची वजाबाकी बंद ठेवली. त्या मुलाच्या टोपड्यावर यंत्रानं कितीतरी रेणूंची नावं दाखवली. तिच्या मुलीच्या टोपड्यावर कापूस आणि धुण्याचा साबण. पद्मजानं दोन्ही टोपडी घडी करून पिशवीत ठेवली. आश्चर्य वाटायला हवं होतं, वाईटही वाटायला हवं होतं. तिला फक्त आकडे जुळल्याचं थोडं समाधान वाटलं.

विभागप्रमुख डॉ. बेडकिहाळ सज्जन माणूस. पद्मजा इस्पितळात होती तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डबा येत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"पुरळ नाही, ताप नाही, वजन वाढतंय," ते म्हणाले. "वास गेला, हा दुष्परिणाम मी कुठल्या रकान्यात लिहू, पद्मजा?"

त्यांचंही चुकत नव्हतं. जगलेल्या मुलांपुढं हरवलेला वास ठेवायचा म्हणजे कोणत्या तोंडानं? त्यांनी तिला रजा वाढवून घ्यायला सांगितलं. एवढं मोठं दुःख झाल्यावर माणूस कारण शोधतं, असंही ते हलक्या आवाजात म्हणाले. पद्मजा वाद न घालता उठली. बाहेर पडताना तिला सायीच्या घरगुती नळीचा नमुना दिसला. पुढच्या वर्षी ती सगळ्याच बाळांसाठी बाजारात यायची होती. नळीवर तिचेच दोन शब्द छापले होते, वास शून्य.

रविवारी दुपारी मुलगी झोपली असताना तिनं सम्मेदला सगळं सांगितलं.

त्यानं मग मेंढ्यांचं सांगितलं. मेंढी व्याली की आधी कोकरू चाटते आणि त्याचा वास घेते. तेवढ्या थोड्या वेळात तो वास तिच्यात बसतो आणि मग शेकडो कोकरांतून ती आपलं बरोबर काढते. पण एखाद्या हौशी माणसानं ते कोकरू तिनं चाटायच्या आत धुऊन पुसून दिलं, तर ती त्याला जवळ येऊ देत नाही. धडका मारते. कोकरू उपाशी ओरडतं आणि ती दुसरीकडे बघत चरत राहते. नवखे लोक मेंढीला शिव्या देतात.

"मेंढी वाईट नसती, पद्मजा," तो म्हणाला. "तिला बातमीच पोचलेली नसती."

मग त्या कोकराचं पुढं काय होतं, असं तिनं विचारलं. त्यावर तो जरा घुटमळला. एखाद्या मेंढीचं स्वतःचं कोकरू मेलं असेल, तर धनगर त्या मेलेल्याचं कातडं काढून या पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते, आणि पाजते. चार दिवसांनी कातडं सोडलं तरी चालतं, कारण तोवर कोकराच्या अंगाला तिच्या दुधाचा वास लागलेला असतो. मेलेल्याचा विषय त्या घरात इतके दिवस कुणी काढला नव्हता.

"आणि तुला?" पद्मजानं विचारलं. "तुला कशी ती आपली वाटती?"

"मला कुठं पान्हा फुटायचाय? मी आपला तिच्या तोंडाकडं बघून भागवतो."

तो हसला. तिलाही हसू यायला हवं होतं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी सायीची आता गरज नाही, कधीही बंद करा, असं सहज सांगून टाकलं. मुलीचे दिवस पुरे झाले होते, कातडी पक्की झाली होती. म्हणजे वाट मोकळी होती. तरी दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर पद्मजानं साय लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. सम्मेदनं एकदा नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो कामावर गेला.

तिला भीती वाटत होती. इतक्या दिवसांत जी काही एकमेव भावना तिला ओळखता आली ती हीच. साय होती तोवर दोष सायीचा होता. साय बंद केली, वास आला, आणि तरीही आत काही हललं नाही, तर? मग बोट दाखवायला काही उरणार नव्हतं. मग ती म्हणजे स्वतःच्या मुलीचं काहीच न वाटणारी बाई, एवढंच उरलं असतं, आणि ते उरलेलं घेऊन जन्मभर जगायचं होतं. त्यापेक्षा नळी बरी, असं तिला वाटायचं.

लसीच्या दिवशी मात्र तिची ही पळवाट बंद झाली.

त्या दिवशी इस्पितळात गर्दी होती. लस टोचून झालेल्या बाळांना थोडा वेळ नजरेखाली ठेवायचं म्हणून एका लांब बाकावर एकाशेजारी एक निजवलं होतं, सगळी इस्पितळाच्याच पिवळ्या दुपट्यात तोंडापर्यंत गुंडाळलेली. पद्मजा औषध घेऊन परत आली, वाकली आणि मुलीला उचलून तिनं खांद्यावर घेतलं. आणि तिच्या आत काहीतरी हललं. अगदी थोडं. मुंग्या आलेल्या पायात पहिल्यांदा जीव यावा तसं. बाळ कोमट होतं, त्याच्या मानेतून आंबूस, गोडसर असा दुधाचा वास येत होता. पद्मजाचे डोळे आपोआप मिटले. सुटले, असं तिच्या मनात आलं.

"ताई, माझी हाय ती," कुणीतरी म्हणालं.

समोर एक कोवळी पोरगी उभी होती, हात पुढं केलेले. रागावलेली नव्हती, नुसती वाट बघत होती. पद्मजानं बाळाच्या पायाकडे पाहिलं. पट्टा नव्हता. आपल्याही मुलीच्या पायात आता पट्टा नाही, तो घरी आल्यावर काढला, हे तिला त्याच वेळी आठवलं. आणि हेही कळलं, की एवढे दिवस तिनं पट्टाच बघितला होता, तोंड कधी बघितलंच नव्हतं. तिची मुलगी शेजारी निजलेली होती, जागी, दुपट्यातून छताकडे बघत.

आपल्या मुलीला घेऊन ती घरी आली. म्हणजे आपण मेलेलो नाही, हे तर कळलं होतं. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपण जिवंत होतो. तिला कधी नव्हे ती लाज वाटली. त्या दिवशी अंघोळीनंतर तिनं साय लावली नाही. नळी कचऱ्यात टाकली, आणि आक्कांना म्हणाली, उद्यापासून तुमचं खोबरेल लावा.

त्यानंतर वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. कातडीचा वरचा पापुद्रा झडून खालचा वर यायला काही आठवडे लागतात, त्यात कुणाची घाई चालत नाही. मधल्या काळात ती एकदा बेडकिहाळांकडे जाऊन आली. इस्पितळातली साय तशीच राहू द्या, त्या मुलांना तिची गरज आहे, पण घरच्या नळीत जस्त नको, एवढंच तिनं मागितलं. एरंडेलाचा वास राहील, असं ते म्हणाले. राहू दे, ती म्हणाली. लसीच्या दिवशीची गोष्टही तिनं सांगितली, कोरड्या आवाजात, चाचणीचा निकाल सांगावा तशी. बेडकिहाळांनी या वेळी रकान्याचं नाव काढलं नाही. घरच्या नळीचं छापील वेष्टन त्यांनी थांबवून ठेवलं.

श्रावण लागला. एका सकाळी धुरीनंतर मुलीच्या केसांना पुसटसा ऊद लागलेला पद्मजाला जाणवला. मुलगी वास धरायला लागली होती. दुसरं काही नव्हतं, पण तिच्या हातातला पंचा खाली पडला. आक्कांनी विचारलं तर तिनं काही नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून ती मुलीच्या टाळूला नाक लावायचं टाळू लागली. दूध देताना मान दुसरीकडे वळवू लागली. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्र न उघडणाऱ्या मुलासारखं तिचं चाललं होतं.

शेवटी तिनं ठरवून काही केलं नाही. दुपारची वेळ होती. आक्का देवळात गेल्या होत्या. सम्मेद सुट्टीचा म्हणून अंगणात गाडीचं चाक काढून बसला होता. मुलगी पाळण्यात किरकिरायला लागली तशी पद्मजानं तिला उचललं आणि यंत्रानं काढलेल्या दुधाची बाटली शोधायला ती स्वयंपाकघरात वळली. उन्हानं घर तापलं होतं. मुलीचं डोकं घामेजलं होतं आणि ते तिनं पद्मजाच्या हनुवटीखाली खुपसलं.

वास आला.

खोबरेल होतं त्यात, ऊद होता, दूध होतं. आणि त्या सगळ्यांच्या खाली आणखी एक होता. ओल्या पिठासारखा, किंचित लोखंडी, ऊबदार. त्याला काही नाव नव्हतं, आणि तो पद्मजाला ठाऊक होता. हा वास तिनं घेतला होता. फाल्गुनात, तासभर, एका न पुसलेल्या डोक्यावर तोंड टेकवून. तो आपल्याला आठवतो आहे हेच तिला आजवर माहीत नव्हतं. एका पोटात, एका पाण्यात वाढलेली दोन मुलं. त्याचा वास बहिणीच्या डोक्यावर होता.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसली. दुधाची बाटली ओट्यावर तशीच राहिली. तिचा ब्लाउज समोरून भिजत होता आणि ते तिला थांबवता येत नव्हतं, मुलगी तोंड इकडेतिकडे फिरवून शोधत होती आणि पहिल्यांदाच तिला सापडलं. पद्मजानं तिचं तोंड पाहिलं. भुवया सम्मेदच्या होत्या, वरचा ओठ तिचा स्वतःचा. किती दिवस ही माझ्या घरात आहे, असं तिला वाटलं, आणि तिचा एवढा जीव तुटला की तिनं मुलीला जरा जास्तच घट्ट धरलं. मग घशातून आवाज आला. तो तिचाच होता हे तिला थोड्या वेळानं कळलं.

अंगणातून सम्मेद धावत आला. हात ग्रीसनं काळे झालेले, चाकाचा पाना अजून हातातच. फरशीवर ती, मांडीवर पीत असलेली मुलगी, आणि पद्मजाचा हुंदका थांबत नव्हता. त्यानं घाबरून विचारलं, काय झालं.

तिनं वर पाहिलं. त्याला हे कसं सांगावं ते तिला सुचेना, कारण बातमी फार वाईट होती.

"सम्मेद, आपला मुलगा गेला रे," ती म्हणाली.

पाच महिन्यांपूर्वी त्यानंच त्याला पंच्यात गुंडाळून नेलं होतं. सम्मेदनं पाना ओट्यावर ठेवला आणि काळ्या हातांनीच तो तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"हो गं," तो म्हणाला.